दोन अल्बिनो आणि सहा काळी-पिवळी पिल्ले

लेपर्ड गेको या ठिपक्यांच्या पालीचे अंडे चामड्यासारखे मऊ असते. ते फुटण्याच्या आदल्या दिवशी कवचावर बारीक थेंब जमतात आणि इतके दिवस टपोरे असलेले अंडे एका अंगाने चेपल्यासारखे दिसू लागते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यातील एका शनिवारी असे चेपलेले पहिले अंडे पाहून मी आणि माझी मुलगी ईरा रात्री उशिरापर्यंत इन्क्युबेटरच्या काचेला नाक लावून बसलो होतो. आई-बाप दोघेही ‘ट्रेम्पर अल्बिनो’ होते, म्हणजे अंगावर काळ्या रंगाचा लवलेश नाही, फिकट पिवळ्यावर तपकिरी-गुलाबी छटांचे डाग आणि डोळे रुपेरी-गुलाबी. हिशेब सरळ होता. पिल्ले शंभर टक्के अल्बिनो निघणार होती. पहाटे अंड्याला चीर पडली, त्यातून बोथट नाक बाहेर आले आणि तासाभराने डब्यातील ओल्या पर्लाइटवर उभे राहिले ते मुंबईच्या टॅक्सीसारखे काळे-पिवळे पिल्लू. त्याच दिवशी संध्याकाळी दुसरे निघाले, तेही तसेच. पुढच्या दोन खेपांमधील चारही पिल्ले काळी-पिवळीच निघाली. ‘आई, आपण चुकून दुसऱ्याची अंडी आणली का?’ असे ईराने विचारले, तेव्हा तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

जनुकशास्त्राने आपले काम चोख केले होते. खोटी होती ती डब्यावरची चिठ्ठी. ते समजून घेण्याच्या निमित्ताने या प्राण्याच्या रंगप्रकारांचा, म्हणजे पाळणाऱ्यांच्या भाषेत ‘मॉर्फ’चा, जो अभ्यास घडला, तो येथे मांडत आहे.

आम्ही जर्मनीत डॉर्टमुंडला राहतो. तेथून आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत हाम हे गाव लागते आणि तेथे वर्षातून काही वेळा सरपटणाऱ्या प्राण्यांचा मोठा बाजार भरतो. झाकणाला भोके पाडलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्या टेबलांवर एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रत्येकीवर चिठ्ठी असते. चिठ्ठीवरील पहिला आकडा नरांचा, टिंबानंतरचा मादीचा आणि तिसरा असल्यास ज्यांचे लिंग अजून कळलेले नाही अशा पिल्लांचा. ‘१.०’ म्हणजे एक नर, ‘०.१’ म्हणजे एक मादी, ‘०.०.३’ म्हणजे तीन अनोळखी. त्यापुढे मॉर्फचे नाव आणि शेवटी किंमत. आमचा नर एका विक्रेत्याकडून घेतला, मादी दुसऱ्याकडून. दोघांच्याही चिठ्ठीवर ‘ट्रेम्पर अल्बिनो’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले होते.

मुळात हा प्राणी अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या खडकाळ, कोरड्या मुलखातला. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ यांनी १८५४ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आजचे त्याचे नाव युब्लेफॅरिस मॅक्युलेरियस. आपल्या भिंतीवरील पालीप्रमाणे त्याच्या बोटांना चिकटणारे गाद्यांसारखे तळवे नसतात आणि पालीला नसलेल्या हलत्या पापण्या त्याला असतात, त्यामुळे तो डोळे मिटून खरोखर झोपलेला दिसतो. त्याचे चुलतभाऊ आपल्या दारात आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही प्रजाती महाराष्ट्र आणि गुजरातच्या डोंगराळ भागात सापडते आणि सातपुड्यातील युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस ही प्रजाती झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रथम वर्णिली. जुन्नरजवळच्या आमच्या गावी पावसाळ्यातील रात्री बांधावर अशी एक जाड शेपटीची, ठिपक्यांची पाल निघाली होती आणि ती विषारी आहे अशी खात्री असलेल्या चौघांनी मिळून तिला काठीने मारले होते. तिच्यात विषाचा थेंबही नव्हता, हे मला कळायला पंचवीस वर्षे आणि एक परदेश लागला. ही आपल्याकडची जनावरे रानातच राहावीत; या लेखातील सगळे बोलणे पिढ्यानपिढ्या बंदिस्त जागेत वाढलेल्या मॅक्युलेरियसबद्दल आहे.

रानातील मॅक्युलेरियसचे पिल्लू जन्मतः काळपट आणि पिवळ्या आडव्या पट्ट्यांचे असते. वर्षभरात ते पट्टे तुटत जातात आणि त्यांचे ठिपके होतात, आणि त्या ठिपक्यांवरूनच बिबट्याचे नाव त्याला चिकटले. हे रंग त्वचेतील तीन प्रकारच्या पेशींतून येतात. मेलॅनोफोर या पेशी काळा-तपकिरी मेलॅनिन बाळगतात. झँथोफोर पिवळे आणि नारिंगी रंगद्रव्य बाळगतात. तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे इरिडोफोर पेशींमध्ये रंगद्रव्यच नसते. त्यांच्यात ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते प्रकाश परतवतात, त्यामुळे तो भाग पांढरा किंवा चमकदार दिसतो. बाजारातील झाडून सगळी भडक नावे या तीन पेशींपैकी कोणीतरी कामात कसूर केली, जास्त काम केले किंवा चुकीच्या जागी केले, एवढ्याच गोष्टीची आहेत. काळा रंग गेला की अल्बिनो, पिवळा मागे हटला की स्नो, नक्षीच उमटली नाही की पॅटर्नलेस किंवा ब्लिझार्ड. यांपैकी पांढऱ्या पेशींकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे, कारण सर्वांत वाईट गोष्ट तेथे घडली.

अल्बिनोपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. अमेरिकेतील रॉन ट्रेम्पर यांच्याकडे १९९६ मध्ये पहिला अल्बिनो निघाला. पुढच्या चार-पाच वर्षांत आणखी दोन ठिकाणी, पूर्णपणे वेगळ्या घराण्यांत, अल्बिनो निघाले. ते रेनवॉटर आणि बेल या आडनावांनी ओळखले जातात. तिन्ही रंगप्रकार अप्रभावी जनुकामुळे होतात. प्रत्येक जनावराकडे एकेका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून आलेली, आणि अप्रभावी दोष दोन्ही प्रतींत असला तरच रंग बदलतो. एकाच प्रतीत दोष असेल तर जनावर दिसायला साधे, पण तो दोष पुढच्या पिढीत पोहोचवू शकणारे असते. पाळणारे त्याला ‘हेट’ म्हणतात. दोन हेटांची जोडी जमवली, तर सरासरी चार पिल्लांमध्ये एक अल्बिनो, दोन हेट आणि एक पूर्ण साधे. दोन अल्बिनोंची जोडी जमवली, तर पिल्लाला दोन्हीकडून दोषच मिळणार, म्हणून सगळी अल्बिनो. हाच माझा शंभर टक्क्यांचा हिशेब होता.

मात्र या हिशेबात दोन्ही दोष एकाच जनुकातले आहेत असे गृहीत धरलेले असते. मेलॅनिन एका झटक्यात तयार होत नाही. अनेक जनुकांनी ओळीने आपापले काम केले तरच ते तयार होते, आणि त्या ओळीतील कोणताही एक दुवा तुटला तरी काळा रंग उतरत नाही. समजा, एका घरात हरभऱ्याची डाळ आहे पण गूळ नाही, आणि दुसऱ्या घरात गूळ आहे पण डाळ नाही. दोन्ही घरांत पुरण होत नाही आणि बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही चुली सारख्याच थंड दिसतात. पण दोन्ही घरांनी आपापले जिन्नस एका पातेल्यात घातले, तर पुरण शिजते. ट्रेम्पर आणि बेल यांची जोडी लावली की नेमके हेच होते. पिल्लाला ट्रेम्परकडून बेलचा निर्दोष जनुक मिळतो आणि बेलकडून ट्रेम्परचा. दोन्ही दुवे जुळतात, मेलॅनिन तयार होते आणि पिल्लू काळे-पिवळे निघते. तीन अल्बिनो प्रकार तीन वेगळ्या जनुकांतील आहेत, हे पाळणाऱ्यांना प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कळले ते असे, अपेक्षाभंगातून.

ही गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे, हे वाचून मला आपल्या फजितीचे थोडे समाधानही झाले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केंब्रिजमध्ये विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी स्वीट पी या वेलीच्या दोन पांढऱ्या फुलांच्या वाणांचा संकर केला, तेव्हा सगळी रोपे जांभळ्या फुलांची निघाली. त्या जांभळ्या रोपांच्या पुढच्या पिढीत जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांचे प्रमाण ९ ला ७ आले. शाळेच्या जीवशास्त्रात आपण जो चौकटींचा तक्ता काढतो, तो याच पनेट यांच्या नावाने ओळखला जातो.

हाच ९:७ चा आकडा लेपर्ड गेको पाळणाऱ्यांची खरी डोकेदुखी आहे. माझी सहा पिल्ले दिसायला निखळ साधी, पण प्रत्येक पिल्लू दोन वेगवेगळ्या अल्बिनो जनुकांसाठी हेट. त्यांची आपसात जोडी लावली, तर सरासरी सोळा पिल्लांपैकी नऊ साधी दिसतील आणि सात अल्बिनो दिसतील. त्या सातांपैकी तीन एका प्रकारची, तीन दुसऱ्या प्रकारची आणि एक दोन्ही प्रकारची असेल. आणि कोणते पिल्लू कोणत्या गटातले, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येणार नाही. बेलचे डोळे अधिक लालसर आणि रेनवॉटरचा रंग अधिक फिका, असे सांगतात खरे. परंतु इन्क्युबेटरचे तापमान कमी असेल तर ट्रेम्पर अल्बिनो चॉकलेटी तपकिरी निघतो आणि त्या सगळ्या ठोकताळ्यांवर पाणी पडते. नऊ साध्या पिल्लांपैकीही आठांच्या अंगी काही ना काही लपलेले. अशी पिल्ले एकदा बाजारात सुटली की पुढच्या विक्रेत्याने प्रामाणिकपणे लिहिलेली चिठ्ठीसुद्धा खोटी ठरते. आमच्या नराच्या विक्रेत्याला मी पत्र लिहिले, तेव्हा त्याने सौजन्याने कळवले की तो नर त्याने स्वतः दुसऱ्याकडून घेतला होता आणि त्या दुसऱ्याचा पत्ता त्याच्याकडे नाही.

चिठ्ठ्यांवर टक्केवारीही असते आणि ती बहुतेकांना चुकीची समजते. ‘६६ टक्के हेट’ म्हणजे त्या जनावराच्या रक्तात दोन तृतीयांश अल्बिनोपणा आहे, असा अर्थ मी पहिल्या बाजारात लावला होता. तसे काही नसते. जनावर एक तर हेट असते किंवा नसते. दोन हेटांच्या पिल्लांमध्ये जी साधी दिसतात, त्यांच्यातील तीनपैकी दोन हेट असतात, म्हणून हातात आलेले साधे पिल्लू हेट असण्याची शक्यता दोन तृतीयांश. ती टक्केवारी आपल्या अज्ञानाची आहे. ती कमी करण्याचा मार्ग एकच, त्या जनावराची जोडी माहितीच्या अल्बिनोशी लावणे. एक जरी अल्बिनो पिल्लू निघाले, तरी ते ‘प्रूव्ह’ झाले, वाद संपला. साधी पिल्ले निघत राहिली, तर संशय कमी होत जातो, पण कधीच शून्य होत नाही. हेट असते तर प्रत्येक पिल्लू साधे निघण्याची शक्यता निम्मी असती. त्या हिशेबाने ओळीने चार साधी पिल्ले निघाल्यावर सुरुवातीचे ६६ टक्के सुमारे ११ टक्क्यांवर येतात. मादी एका खेपेला दोन अंडी घालते, म्हणजे या चार पिल्लांसाठी दोन खेपा, अंडी उबण्याचे जवळपास दोन महिने आणि त्यानंतर चार तोंडांसाठी रोजचे किडे. चिठ्ठीवरील टक्केवारीपुढे किंमत वाढवून लिहिणाऱ्याने हा खर्च खरेदीदाराच्या माथी मारलेला असतो.

सगळेच मॉर्फ असे लपून बसत नाहीत. मॅक स्नो हा अपूर्ण प्रभावी प्रकारचा. एकच प्रत असली तरी फरक दिसतो, पिवळ्याच्या जागी पांढुरके अंग. आणि दोन्ही प्रती असल्या तर ‘सुपर स्नो’ निघतो, पांढऱ्या अंगावर बारीक काळे ठिपके आणि बुबुळ न दिसणारे सबंध काळे डोळे. दोन मॅक स्नोंच्या चार पिल्लांमध्ये सरासरी एक साधे, दोन मॅक स्नो आणि एक सुपर, असा हा सगळ्यांत सोपा हिशेब. यात फसगत होते ती वयाची. मॅक स्नोचे पिल्लू काळे-पांढरे, अगदी नजर लागावी असे असते. मोठे होताना त्याच्या अंगावर पिवळा रंग पुन्हा चढतो आणि दीड वर्षाने पुष्कळदा ते साध्या जनावरापासून ओळखू येत नाही. मर्फी पॅटर्नलेसचे नेमके उलटे. त्याच्या पिल्लाच्या अंगावर डाग असतात आणि मोठेपणी ते पुसले जाऊन सपाट, फिकट पिवळे अंग उरते. म्हणून पिल्लाचा फोटो पाहून मॉर्फ सांगणाऱ्या माणसावर मी आता फारसा विश्वास ठेवत नाही.

नारिंगी रंगाची गोष्ट वेगळीच आहे. ‘टँजरीन’ हे नाव चिठ्ठीवर अल्बिनोच्याच थाटात छापलेले असते, परंतु त्यामागे एक जनुक नाही. अनेक जनुके थोडा थोडा हातभार लावतात आणि पाळणारा दर पिढीत त्यातल्या त्यात जास्त नारिंगी जनावरे निवडून पुढे नेतो, जसा शेतकरी भरलेली कणसे बियाण्यासाठी बाजूला काढत जातो. शेपटीच्या बुडाशी गाजरासारखा रंग असलेला ‘कॅरट टेल’, अंगावरील ठिपके जवळपास गेलेला ‘सुपर हायपो’, आणि जवळजवळ संपूर्ण काळा होईपर्यंत निवडत नेलेला ‘ब्लॅक नाइट’ हे सगळे असेच निवडीतून घडले. त्यांना चौकटीचा तक्ता लागू होत नाही आणि ‘टँजरीनसाठी हेट’ असे कोणी लिहिले असेल, तर लिहिणाऱ्याला तरी विषय समजलेला नाही किंवा समोरच्याला समजलेला नाही अशी त्याची खात्री आहे. टँजरीनची साध्या जनावराशी जोडी लावली, तर पिल्ले मधल्या रंगाची निघतात आणि वीस वर्षांची निवड दोन पिढ्यांत विरघळून जाते.

त्यात तापमानाचा हात असतो तो निराळा. लेपर्ड गेकोत नर-मादी ठरवणारी गुणसूत्रे नाहीत. अंडे कोणत्या उष्णतेत उबले यावर ते ठरते. २६ अंश सेल्सिअसच्या आसपास जवळपास सगळ्या माद्या निघतात, ३२.५ अंशांच्या आसपास बहुतांश नर, आणि ३४-३५ अंशांपर्यंत नेले तर पुन्हा बहुतांश माद्या. तीच उष्णता मेलॅनिनवरही परिणाम करते. थंड उबवणीची पिल्ले गडद आणि उष्ण उबवणीची उजळ निघतात. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांत जो फरक दिसतो, तो जनुकांचा की इन्क्युबेटरच्या बटणाचा, हे विचारल्याशिवाय त्या फरकाला किंमत देऊ नये. आमची सहाही पिल्ले २७ अंशांवर उबली होती; त्यांचा काळा पट्टा इतका दाट का होता, याचे निम्मे उत्तर तेथे आहे.

एकेक जनुक कळला की लांबलचक नावे आपोआप उलगडतात. ‘रॅप्टर’ हे नाव ऐकून शिकारी पक्षी डोळ्यांसमोर येतो, पण ती रेड-आय, अल्बिनो, पॅटर्नलेस, ट्रेम्पर, ऑरेंज या शब्दांची आद्याक्षरे आहेत: ट्रेम्पर अल्बिनो, डोळे सबंध रंगवणारा ‘एक्लिप्स’ हा अप्रभावी जनुक, आणि निवडीतून आलेले नक्षीहीन नारिंगी अंग. त्यात ब्लिझार्ड मिसळला की ‘डायाब्लो ब्लँको’, म्हणजे स्पॅनिशमध्ये पांढरा सैतान. नुसता ब्लिझार्ड आणि अल्बिनो असेल तर ‘ब्लेझिंग ब्लिझार्ड’. ही नावे म्हणजे पाककृतीचे शीर्षक. पदार्थात खरोखर काय पडले आहे, ते स्वयंपाक करणाऱ्याच्या वहीतच सापडते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे लिहायला घेतले, ती. जनुकाला आपण त्याच्या रंगाचे नाव देतो, पण जनुकाला ते नाव ठाऊक नसते. तो शरीरात आणखी कोठे कोठे काम करतो, हे पाळणाऱ्याला उशिरा कळते. ‘एनिग्मा’ हा प्रभावी प्रकार. एका प्रतीनेच अंगावर सुंदर विखुरलेले ठिपके उमटतात. याच जनावरांपैकी अनेकांत तोल जाण्याचा विकार दिसतो. हामच्या बाजारात मी असे एक जनावर डबीत डावीकडे डावीकडे गोल फिरताना पाहिले. मध्येच थांबून ते मान मागे टाकून छताकडे बघत राहिले आणि पुन्हा फिरू लागले. विक्रेता म्हणाला, ‘प्रवासाने घाबरले आहे.’ घरी आल्यावर मी वाचले की गोल फिरणे, आकाशाकडे पाहत राहणे आणि समोरचा किडा पकडताना नेम चुकणे ही त्या विकाराची ठरलेली लक्षणे आहेत. जनुक प्रभावी असल्यामुळे रंग ठेवून विकार गाळून टाकण्याचे प्रयत्न अनेकांनी केले, पण दोन्ही गोष्टी एकमेकींना सोडायला तयार नाहीत. जर्मनीच्या प्राणीसंरक्षण कायद्याचे कलम ११ब ज्या पैदाशीतून संततीला यातना होणार हे अपेक्षित आहे, ती पैदास निषिद्ध ठरवते. असे असूनही तो डबीतला प्राणी त्या दिवशी विकला गेला असावा, कारण तासाभराने परत आले तेव्हा टेबलावरील ती जागा रिकामी होती.

लेमन फ्रॉस्टची हकिकत याहून ठळक आहे, कारण तिचा छडा प्रयोगशाळेत लागला. अमेरिकेत निघालेल्या या रंगप्रकारात पिवळे अंग आतून पांढऱ्या प्रकाशाने उजळल्यासारखे दिसते आणि ते जनावर पहिल्यांदा पाहणाऱ्या कोणालाही भुरळ पडेल. पाळणारे स्टीव्ह साइक्स यांनी त्याची पैदास वाढवली आणि काही काळाने त्यांना जनावरांच्या कातडीवर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील लिओनिड क्रुग्ल्याक यांच्या प्रयोगशाळेतील लाँगहुआ गुओ आणि सहकाऱ्यांनी साइक्स यांच्याच पैदाशीतील जनावरांचा अभ्यास करून २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लेमन फ्रॉस्टचा जनुक असलेल्या ८० टक्क्यांहून अधिक जनावरांना सहा महिने ते पाच वर्षे या वयात गाठी आल्या होत्या. त्या गाठी इरिडोफोर पेशींच्या होत्या, म्हणजे ज्या पांढऱ्या पेशींमुळे अंग उजळून दिसते त्याच पेशी बेबंद वाढत होत्या. संशयाची सुई स्पिंट१ या जनुकाकडे वळली. माणसाच्या त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगातही हा जनुक कर्करोग आवरून धरणारा म्हणून ओळखला जातो.

येथे रंग आणि रोग अशा दोन गोष्टी नाहीतच. तो उजळपणा हीच वाढीची पहिली पायरी आहे, मग त्यातून निरोगी घराणे निवडून काढणार कसे? अनुभवी पाळणाऱ्यांपैकी पुष्कळांनी लेमन फ्रॉस्ट सोडून दिला. पाली पाळणाऱ्या एका छंदातून कर्करोग-संशोधनाला उपयोगी पडणारे जनावर मिळाले, याचे कौतुक वैज्ञानिकांनी जरूर करावे. त्या गाठी अंगावर घेऊन जगलेल्या जनावरांना मात्र त्याचा काही फायदा झाला नाही.

आमच्या घरातील कोडे एवढे गंभीर नव्हते, तरी ते अर्धवट सोडायला ईरा तयार नव्हती. खोटी चिठ्ठी नराची की मादीची, एवढे तरी कळायला हवे होते. ओळखीच्या एका जुन्या पाळणाऱ्याकडे तीन पिढ्यांची लेखी नोंद असलेला ट्रेम्पर नर होता. मादी एकाच समागमाचे शुक्राणू हंगामभर साठवून ठेवू शकते, म्हणून आम्ही आधीचा हंगाम पूर्ण संपू दिला, हिवाळा जाऊ दिला आणि मगच त्या नराला पाहुणा म्हणून आणले. दोन खेपांत चार पिल्ले निघाली आणि चारही अल्बिनो. मादी प्रत्यक्षात बेल असून योगायोगाने ट्रेम्परसाठी हेट असती, तर ओळीने चार अल्बिनो निघण्याची शक्यता सोळात एक होती. तेवढा संशय मी वहीत लिहून ठेवला आहे, पण मादीची चिठ्ठी खरी होती असेच मी मानते. म्हणजे खोटी होती ती नराची. तो बेल आहे की रेनवॉटर, हे शोधण्यासाठी आणखी पिल्ले जन्माला घालावीत असे मला वाटले नाही. तो कोपऱ्यातील काचघरात एकटा राहतो, उजेड त्याला सोसत नाही म्हणून दिवसभर मातीच्या कुंडीच्या आड झोपतो आणि रात्री साडेनऊला झुरळासाठी काचेवर नाक आपटतो.

पहिल्या सहा पिल्लांपैकी पाच ओळखीच्यांकडे दिली, पैसे न घेता. प्रत्येक डबीवर ईराने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली: ‘आई ट्रेम्पर अल्बिनो, तपासलेली. बाप अल्बिनो, प्रकार माहीत नाही. पिल्लू दोन्हींसाठी हेट. कृपया पैदाशीसाठी वापरू नये.’ एका काकांनी ती वाचून विचारले की मग हिचे मॉर्फचे नाव काय? ईराने सांगितले, ‘नॉर्मल.’ सहावे पिल्लू आमच्याकडेच आहे. तिचे नाव टॅक्सी. पट्टे कधीच तुटले, आता पाठभर ठिपके आहेत, आणि शेपटीवर तेवढा एक काळा पट्टा अजून शिल्लक आहे.